बडोद्यात नव्याने आलेल्या मुलीला

साताऱ्याहून नोकरीसाठी आलीस ना? मग पहिल्याच आठवड्यात शेजारच्या बेन विचारतील, ‘नवरी छे?’ गोंधळू नकोस. त्या लग्नाचं विचारत नाहीत. गुजरातीत ‘नवरुं’ म्हणजे मोकळं, रिकामं. दांडिया बाजारात मी नवी असताना ‘नाही’ म्हणाले. त्यांना वाटलं, हिला वेळच नाही. महिनाभर कुणी हाक मारली नाही. फार लागलं होतं मला ते.

म्हणून सांगते, कळल्यासारखी मान डोलावू नकोस. सरळ ‘एटले?’, म्हणजे आपलं ‘म्हणजे काय?’, असं विचार. विचारलं की माणसं थांबून, हातवारे करून समजावतात, आणि तो शब्द मग दोघींचा होतो. काही शब्द तर आधीपासूनच आपले आहेत: ‘वाट जोउं छुं’ म्हणजे आपलं ‘वाट पाहतेय’च.

या गावाला ही खटपट नवी नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात, 1931 साली, राज्यकारभारातल्या शब्दांचा अनेक भाषांतला कोश निघाला होता.

आणि हो, ‘काले’ कालही असतो आणि उद्याही. पुढचं क्रियापद नीट ऐक. गॅसवाला ‘काले आवीश’ म्हणाला, तर उद्या घरी थांब.