सी भाषा येते, पण लिनक्स कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, कोड बघूनच धडकी भरते. पहिलं योगदान कसं द्यायचं?

धडकी भरणं साहजिक आहे. कर्नलमध्ये ३ कोटींहून जास्त ओळी आहेत, त्या सगळ्या वाचलेला माणूस शोधून सापडणार नाही. तेव्हा 'आधी सगळं समजून घेतो, मग हात लावतो' हे डोक्यातून काढून टाका. मी त्यात सहा महिने घालवले. मेमरी मॅनेजमेंटवर वह्या भरल्या, पॅच (कोडमध्ये सुचवलेला बदल) एकही नाही.

आधी कर्नल स्वतः बिल्ड करून बूट करा. 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' वापरलंत तर मशीनवर आत्ता लोड असलेलेच मॉड्यूल (कर्नलचे सुटे भाग) बिल्ड होतात, बराच वेळ वाचतो. पुढचे प्रयोग शक्यतो व्हर्च्युअल मशीनमध्ये करा, पॅनिक झालं, म्हणजे कर्नल कोसळलं, तरी रोजचं मशीन शाबूत. मग एखाद्या ड्रायव्हरच्या प्रोब फंक्शनमध्ये (डिव्हाइस सापडलं की चालतं ते) एक 'प्रिंट-के' (लॉगमध्ये ओळ लिहिणारं फंक्शन) टाका आणि बूट लॉगमध्ये आपली ओळ शोधा. ती दिसली की निम्मी भीती तिथेच उतरते.

काम कुठून आणायचं? कर्नलच्या स्टेजिंग फोल्डरमधले ड्रायव्हर कच्चेच असतात, तिथे 'चेकपॅच' ही कोडची शैली तपासणारी स्क्रिप्ट चालवली की ढीगभर तक्रारी निघतात. सरावाला ठीक. पण नुसती स्पेस-टॅबची साफसफाई स्टेजिंगबाहेर पाठवू नका, लोक वैतागतात. डॉक्युमेंटेशन बिल्ड करताना येणाऱ्या वॉर्निंग मला जास्त उपयोगी वाटतात, कारण त्या दुरुस्त करताना कोड वाचावाच लागतो.

माझा पहिला खरा पॅच दोन ओळींचा. एका ड्रायव्हरमध्ये एरर आली की फंक्शन मध्येच परतायचं आणि घेतलेली मेमरी तशीच राहायची. कोडला दहा मिनिटं लागली, पॅच आत जायला तीन आठवडे. पॅच ईमेलने पाठवायचा असतो. पहिल्या खेपेला माझ्या मेल प्रोग्रामने टॅबच्या स्पेस करून टाकल्या, पॅच लागेचना. दुसऱ्या खेपेला मेंटेनरने (त्या भागाची देखरेख करणाऱ्याने) विचारलं, 'लीक नेमका कोणत्या वाटेने होतो? कधीपासून?' मी वर्णनात फक्त 'मेमरी लीक दुरुस्त केला' एवढंच लिहिलं होतं! कोणती ओळ कोणत्या बदलात आली ते दाखवणाऱ्या 'गिट ब्लेम'ने मूळ कमिट (नोंदवलेला बदल) शोधला, 'फिक्सेस'च्या ओळीत त्याच्या हॅशची (ओळखखुणेची) पहिली १२ अक्षरं आणि शीर्षक दिलं, कारण चार वाक्यांत मांडलं. तिसरी आवृत्ती घेतली गेली. पॅचच्या दोन आवृत्त्यांमध्ये काय बदललं ते वर्णनानंतरच्या तीन डॅशच्या खाली लिहायचं. ते गिटच्या इतिहासात जात नाही.

पॅचच्या वर्णनातली 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ नुसती सही नव्हे. हा कोड या परवान्याखाली द्यायचा मला हक्क आहे, असं तुम्ही त्यात सांगता. नोकरीत असाल तर आधी ऑफिसात विचारून घ्या.

पॅच कुणाला पाठवायचा ते 'गेट-मेंटेनर' स्क्रिप्ट सांगते. थेट लिनस टोरवाल्ड्सला, म्हणजे कर्नलच्या निर्मात्याला, नको. उत्तर आलं नाही तर निदान आठवडाभर थांबा. कर्नलच्या नव्या आवृत्तीनंतरची दोन आठवड्यांची मर्ज विंडो (नवे बदल मुख्य कोडमध्ये घेण्याचा काळ) चालू असेल तर आणखी थांबावं लागेल.

आणि 'गिट सेंड-ईमेल'ने पॅच आधी स्वतःलाच पाठवा. आलेला मेल सेव्ह करून 'गिट एएम'ने स्वच्छ झाडावर (बदल न केलेल्या कर्नलच्या कोडवर) लावून बघा. लागला तरच पुढे पाठवा.