समोरच्या इमारतीच्या गच्चीवरील मोबाइल टॉवरमुळे कर्करोग होतो का?

आजवरच्या संशोधनातून तसे सिद्ध झालेले नाही. टॉवरमधून निघणाऱ्या रेडिओ लहरी क्ष-किरणांप्रमाणे अणूंचे आयनीभवन करू शकत नाहीत, म्हणजे अणूंतील इलेक्ट्रॉन बाहेर काढून पेशींमधील डीएनएला थेट इजा करू शकत नाहीत. त्यांचा निश्चितपणे ज्ञात असलेला परिणाम म्हणजे ऊतींचे तापणे, आणि सर्वसामान्य लोकांसाठीची आंतरराष्ट्रीय मर्यादा तो परिणाम जिथे सुरू होतो त्याच्या सुमारे पन्नासपट खाली ठेवलेली आहे. शिवाय अँटेनाचा झोत बराचसा आडवा, किंचित खाली झुकलेला असतो आणि अंतर दुप्पट झाले की तीव्रता साधारण चौथाईवर येते, त्यामुळे टॉवरच्या अगदी पायथ्याशी ती बहुधा कमीच भरते. कानाला लावलेल्या फोनमुळे डोक्याला मिळणारी मात्रा सहसा टॉवरपेक्षा कितीतरी जास्त असते, याकडे मात्र तक्रार करणाऱ्यांचे क्वचितच लक्ष जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2011 मध्ये या लहरींना ‘२ब’, म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात ठेवले, हे खरे. पण त्यामागचा मर्यादित पुरावा मुख्यतः फोनच्या अतिवापराविषयीचा होता. अपवाद एकच: अँटेनाच्या थेट समोर, त्याच उंचीवर आणि काही मीटरांतच तुमची खिडकी किंवा गच्ची येत असेल, तर अधिकृत यंत्रणेकडून प्रत्यक्ष मोजणी करून घ्यावी.