दवाखान्यात बीपी जास्त का येतं?

प्रश्न: दवाखान्यात बीपी १५० येतं, घरच्या मशीनवर १३८. डॉक्टर गोळी वाढवू म्हणतायत. खरं कुठलं धरू?

उत्तर: आधी सांगा, तिथे हात कुठे होता? जिना चढून आलात, लगेच स्टुलावर बसवलं, बाहीवरूनच पट्टा गुंडाळला, वर गप्पा चालूच, मग आकडा चढणारच ना! अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मधे हेच छापलं, हात मांडीवर असला तर वरचं बीपी साधारण ४ नं जास्त दिसतं आणि खाली लोंबकळत असला तर ६ च्याही वर. घरी ५ मिनिटं गप्प बसून, हात टेबलावर छातीच्या लेव्हलला ठेवून आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजा आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. तोवर चालू गोळी मनानं बंद नका करू.