आधी बर्फ, मग प्रशिक्षक

प्रश्न : सर, माझी मुलगी इनलाइन स्केट्सवर, म्हणजे एका ओळीत चाकं असलेल्या बुटांवर, हॉकी खेळते. २०२५ च्या महिला आशिया कपमध्ये भारताला कांस्यपदक मिळालं, तेव्हापासून घरात आइस हॉकीचाच विषय आहे. पुढची मजल मारायला आपल्या संघाला नेमकं काय कमी पडतंय? परदेशी प्रशिक्षक आणला की भागेल का?
— एक पालक, नाशिक

उत्तर : ताई, चांगला प्रशिक्षक हवाच. पण त्याच्याही आधी हवा तो बर्फ, छताखालचा आणि वर्षभर टिकणारा.

संघातल्या बहुतेक मुली लडाखच्या, काही स्पितीच्या. तिकडे तळी गोठतात, नाहीतर रात्री मैदानात पाणी सोडून थरावर थर धरवतात. असा बर्फ जेमतेम दोन-अडीच महिने टिकतो. आशिया कप मात्र संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनला, मे संपून जून लागताना झाला. त्या मुलींनी पदक आणलं याचं मला फार अप्रूप आहे.

या नैसर्गिक रिंकला, म्हणजे बर्फाच्या मैदानाला, कडेने ठेंगणी फळी असते, कुठे नुसता बर्फाचा बांध. पक, म्हणजे चेंडूऐवजी वापरतात ती चपटी चकती, तिथे आपटला की जागीच मरतो. आंतरराष्ट्रीय रिंकची कड साडेतीन फूट उंच, टणक आणि वर काच लावलेली. तिच्यावरून पक उसळून परत येतो आणि मुरलेले संघ मुद्दाम कडेवर मारून पास देतात. गोलजाळीमागून असा उसळलेला पक गोलरक्षिकेला दिसतो तोवर उशीर झालेला असतो. हे फळ्यावर आकृत्या काढून शिकवता येत नाही. दमाची काळजी मला नाही, साडेतीन हजार मीटर उंचीवर वाढलेल्या पोरी त्या!

चार ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवलेली कॅनडाची हेली विकनहायझर २०१८ मध्ये लडाखला येऊन या मुलींना शिकवून गेली. उमेद मिळाली, पण शिकलेलं घोटायला पुन्हा बर्फच लागतो. देहरादूनचा रिंक २०११ मध्ये बांधला आणि कित्येक वर्षं बंद ठेवला, याचा मला आजही राग येतो. २०२५ मध्ये तो परत सुरू झालाय. मार्चपासून स्पर्धेपर्यंत महिला संघाचा तळ तिथेच पडावा, सोबत गोलरक्षणाचा स्वतंत्र प्रशिक्षक असावा आणि परदेशी संघांशी सराव सामने व्हावेत. २०१७ मध्ये बँकॉकला फिलिपिन्सला ४-३ असं हरवून या संघाने पहिला विजय मिळवला, तो आदल्या वर्षी तैवानच्या तैपेईत सपाटून हरून आल्यावरच.

तुमच्या मुलीचं स्टिकवर्क आणि पासिंग बर्फावरही कामी येईल. थांबणं मात्र नव्याने शिकावं लागेल, कारण तिथे चाकांऐवजी स्केटला पातं असतं, ते आडवं करून बर्फ खरवडत थांबतात. सुट्टीत तिला देहरादूनला न्या आणि डाव्या-उजव्या दोन्ही अंगांनी थांबायचा सराव पहिल्या दिवसापासून करून घ्या. एकाच अंगाची सवय लागली की ती मोडताना फार वेळ जातो.