मालवणी शिकवायला मुंबईला जाऊ का?

प्रश्न : ताई, मी कुडाळ तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. हौशी रंगभूमीवर बरीच कामं केली, राज्य नाट्य स्पर्धेतही केली. मुंबईच्या एका निर्मात्यांनी मालवणी नाटकातल्या कलाकारांची बोली तयार करून घ्यायला बोलावलंय. तालमी मेमध्ये दादरला, शुभारंभ जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. शाळेला सुट्टी आहे, पण घरी सासूबाई आहेत आणि मुलगा यंदा दहावीत जातोय. एवढे दिवस घर सोडून राहू का? नावाजलेल्या नटांना मी काय शिकवणार? आणि पैशांचं कसं बोलायचं?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : जा. पण सलग महिनाभर राहू नका, त्याची गरजच नसते. वाचनाच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही हव्याच. मग ब्लॉकिंग, म्हणजे रंगमंचावरच्या हालचाली बसवणं, सुरू होतं. तेव्हा नट पावलं मोजत असतो, तांब्या कुठल्या हातात धरायचा ते आठवत असतो. त्या दिवसांत बोलीची सूचना त्याच्या डोक्यात शिरत नाही. तेव्हा घरी या. संवाद पाठ होऊन सलग तालमी लागल्या की पुन्हा जा, ते थेट शुभारंभ उरकूनच परत या. (पत्रात सासूबाई आहेत, मुलगा आहे, यजमानांचा उल्लेख नाही. घरी असतील तर त्यांचीही थोडी तालीम होऊ द्या.)

आता शिकवायचं काय. मुंबईतल्या बऱ्याच नटांचं मालवणी ‘वस्त्रहरण’मधून आलेलं असतं. मच्छिंद्र कांबळींच्या तात्या सरपंचाचा ठसका उचलला, दोन शिव्या हाणल्या की झालं, असं त्यांना वाटतं. त्या नाटकाचे पाच हजारांवर प्रयोग झाले, त्यामुळे प्रेक्षकाच्या कानातही तोच ठसका बसलाय. मग तुमच्या नाटकात आई गेल्याचा प्रसंग असला तरी पहिल्या वाक्याला हशा येतो. ही सवय आधी मोडा.

सगळे संवाद तुमच्या आवाजात रेकॉर्ड करून मागतील. देऊ नका. मी असं झालेलं नाटक पाहिलंय. आजोबा, सून, पोस्टमन, सगळे एकाच बाईच्या सुरात बोलत होते! त्यापेक्षा जाण्याआधी कुडाळच्या बाजारातली मासेवाली, एसटीचा कंडक्टर, पडवीत गजाली मारणारे एखादे आजोबा यांचं बोलणं त्यांना विचारून टिपून घ्या आणि प्रत्येक नटाला त्यातलं एक माणूस द्या. ‘खंय’, ‘हंय’ जमलं की नट सगळंच नाकातून बोलायला लागतो, तिथे लगेच अडवा. शिवाय नाटकातलं घर कुठलं, ते लेखकाला विचारून घ्या. वेंगुर्ले-सावंतवाडीकडचं बोलणं गोव्याकडे झुकतं, देवगडचं वेगळं पडतं. बाप एका तालुक्याचा आणि सख्खा मुलगा दुसऱ्याच तालुक्याचा वाटला, तर मुंबईकराला कळणार नाही, पण दौरा कणकवलीत लागला की पहिल्या रांगेतच कुजबुज होईल.

नट कितीही मोठा असो, ‘कित्याक’ कसं म्हणायचं ते त्याला तुम्हीच सांगायचंय, तेव्हा संकोच नको. चालू तालमीत मात्र कुणाला थांबवू नका. संहितेवर पेन्सिलने खुणा करा, आधी दिग्दर्शकाला दाखवा, मग नटाला बाजूला घेऊन सांगा. बोली किती गडद ठेवायची हा निर्णय दिग्दर्शकाचा. नागपूरच्या प्रेक्षकालाही कथा कळायला हवी, म्हणून तो काही शब्द सौम्य करेल. कुठले करता येतील, ते तुम्हीच सुचवा, म्हणजे नको ते कापले जाणार नाहीत.

पैशांआधी एक काम: मुख्याध्यापकांमार्फत लेखी परवानगी घ्या, मानधनाचा उल्लेख करून. नाईट, म्हणजे नटाचं मानधन, प्रयोगागणिक मिळते आणि तुमचं काम प्रयोगांआधीच संपतं, म्हणून ठोक रक्कम बोला. अर्धी पहिल्या वाचनाला, उरलेली रंगीत तालमीच्या आधी. शुभारंभानंतर निर्माते फोन जरा उशिरा उचलतात. प्रवास, राहणं, रोजचा भत्ता वेगळा आणि जाहिरातीत नाव, हे सगळं कागदावर घ्या.

राहायची सोय दादर-माटुंग्यातच मागा. नट दिवसभर मालिकांच्या शूटिंगला असतात, त्यामुळे तालमी संध्याकाळी सुरू होऊन रात्री उशिरा संपतात. बदलापूरच्या मावशींकडे उतरलात तर त्या जेवायच्या थांबतील आणि तुम्ही शेवटच्या लोकलमध्ये असाल. मेमध्ये कोकणात येणाऱ्या गाड्या चाकरमान्यांनी भरलेल्या असतात, तेव्हा मधल्या खेपेचं परतीचं तिकीट आधीच काढायला सांगा.

आणि पंचवीसेक प्रयोगांनंतर बोली घसरतेच, टाळ्या मिळतात तिकडे वाहत जाते. त्या सुमाराला एक प्रयोग बघायला बोलवायचं, हेही त्याच कागदात लिहून घ्या.