मांडीवर मांडी टाकून बसल्यावर पाऊल का उचलत नाही?

पाऊल उचलणारा स्नायू ठणठणीत असतो, दबते ती त्याची नर्व्ह, म्हणजे मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत नेणारा मज्जातंतू. कमरेच्या मणक्यांतून निघालेल्या मुळांची सायटिक नर्व्ह बनते. ती मांडीच्या मागून उतरते आणि साधारण गुडघ्याच्या वर दुभंगते. एक फाटा पोटरीत खोल जातो, तो सुरक्षित. दुसरा गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूने बारक्या हाडाला वळसा घालून पुढे येतो आणि पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंना हुकूम देतो. वळणावर त्याच्यावर कातडीखेरीज फारसं काही नसतं, त्यामुळे वरच्या पायाचा हा फाटा खालच्या गुडघ्यावर चेपतो. हातात हीच गत रेडियल नर्व्हची: दंडाच्या हाडाशी दबली की मनगट लुळं पडतं. थोड्या वेळात पाऊल पूर्ववत झालं नाही तर डॉक्टरांना दाखवाच. कधी मूळ दुखणं कमरेच्या पाचव्या मणक्याशी निघतं.