साडेआठला घरी पोचणाऱ्या बाबाला

प्रिय मुला,

अनेक आशीर्वाद.

तुझी लेक रात्री अकराशिवाय डोळे मिटत नाही, तू नऊपासून तिच्याशी झटत बसतोस आणि शेवटी तुझा आवाज चढतो, हे वाचलं. तिचा सगळा दिवस वेळांसकट लिहिलास, ते फार बरं केलंस. आधी त्याचाच हिशेब करू.

पाळणाघरात ती दुपारी दोन ते पाच झोपते, घरी रात्री अकरा ते सकाळी सात. झाले 11 तास. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना दिल्या, त्यांत तीन-चार वर्षांच्या मुलांना दुपारची धरून 10 ते 13 तास झोप सांगितली आहे. म्हणजे पोरीची झोप पुरेशी होते आहे, फक्त त्यातले तीन तास दुपारीच संपतात. पाचला उठलेल्या मुलीला नऊला झोप कुठून येणार? तिला हट्टी म्हणू नकोस.

तेव्हा पहिलं काम पाळणाघराच्या ताईंशी बोलण्याचं. जेवण झालं की एकच्या सुमाराला निजवा आणि अडीचपर्यंत उठवा, असं त्यांना गोडीनं सांग. त्यांनाही दुपारी जरा पाठ टेकायची असते, म्हणून मुलांना उशिरापर्यंत झोपू देतात. मी बालवाडीत हेच पाहत आले. सकाळी उठायची वेळ मात्र रविवारीसुद्धा सातचीच ठेव.

आता तुझ्याबद्दल. तू साडेआठला घरी येतोस. सूनबाईंची संध्याकाळची शिफ्ट, तोवर पोर शेजारच्या आजींकडे. दिवसभर तिनं ज्याची वाट पाहिली तो बाबा दारात येतो, चपला काढतो आणि म्हणतो, "चल, जेव पटकन, झोपायचंय." तिच्या बाजूनं बघ. तिचा बाबा आत्ता कुठे आला आहे. झोप लागली की तो पुन्हा उद्या रात्रीपर्यंत नाही. मग पाणी हवं, शू आली, आणखी एक गोष्ट, पायाला खाज, हे सगळं सुरू होतं. त्या प्रत्येक मागणीत ती तुलाच मागत असते.

म्हणून तिचा वाटा तिला आधी दे. आल्यावर अर्धा तास जमिनीवर बस, फोन दुसऱ्या खोलीत. जेवण आजींकडेच आठपर्यंत उरकता आलं तर फारच छान. खेळ तिनं ठरवावा, मात्र उचलून फिरवणं, गुदगुल्या, पलंगावरच्या उड्या नकोत. त्यानं दमून झोप लागेल असं वाटतं, पण मूल उलट तरतरीत होतं. ती धमाल रविवारी सकाळी कर.

सव्वानऊला ट्यूबलाइट बंद, टीव्ही बंद, एक पिवळा मंद दिवा चालू. अंधार पडू लागला की शरीरात मेलाटोनिन स्रवतं, ते झोपेची तयारी करतं. उजेडानं ते दबतं. लहान मुलांच्या बाहुल्या मोठ्या आणि डोळ्यातलं भिंग नितळ, त्यामुळे तोच उजेड त्यांना आपल्यापेक्षा जास्त जाणवतो. मग कोमट पाण्यानं हातपाय धुणं, दात घासणं, शू, उशाशी पाण्याचं भांडं. क्रम रोज तोच.

गोष्टही तीच ती चालते, मुलांना ती आवडते. राक्षसाचे आवाज काढू नकोस, आवाज सपाट होऊ दे. मी मुलांना कोण कोण झोपलं ते सांगायची: गोठ्यातली गाय झोपली, चिंचेवरचे कावळे झोपले, स्वारगेटच्या डेपोत बसगाड्या ओळीनं झोपल्या. सांगता सांगता पाठीवर थोपटायचं, आधी तिच्या श्वासाच्या लयीत, मग थोडं सावकाश, मग नुसता हात ठेवायचा. अंगाई बेसूर झाली तरी म्हण, तिला तुझाच आवाज हवा असतो.

पहिले काही दिवस अंथरुणावर पावणेअकरालाच ने, म्हणजे खरी पेंग येते तेव्हा. सव्वानऊची ट्यूबलाइटही तोवर त्याच मानानं उशिरा बंद कर. पटकन झोपू लागली की दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे ये. नऊला आडवं करून दोन तास भांडण झालं, तर अंथरूण म्हणजे भांडणाची जागा हेच तिच्या मनात बसतं.

वेगळ्या खोलीत ठेवा, रडू द्या, असले सल्ले तू वाचले आहेस. ते ज्या घरांत रुजले तिथे मुलांना आपली खोली असते. तुमच्या दीड खोलीत तिघं एका ओळीत झोपता, त्यात काही चुकत नाही. ती तुमच्या कुशीत खुशाल झोपू दे. बागुलबुवाची भीती मात्र कधी दाखवू नकोस. अंधारात कुणीतरी आहे असं सांगून त्याच अंधारात डोळे मिटायला लावणं क्रूर आहे.

आणि झोप यावी म्हणून शेजारी सर्दीचं औषध चमचाभर द्यायला सांगतात, ते अजिबात नाही. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या बाया शंभर वर्षांपूर्वी तान्ह्यांना अफू देऊन कामावर जात, कारण त्यांना दुसरा इलाजच नव्हता. आपल्याला आहे. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये बजावलं आहे. दुधात जायफळ उगाळून देतात, तेही नको. जास्त झालं तर ते विषारी ठरतं.

ती तोंड उघडं ठेवून घोरते का, झोपेत श्वास अडखळतो का, एवढं या आठवड्यात बघून ठेव. तसं असेल तर नाकामागच्या गाठी वाढलेल्या असू शकतात, मग माझ्या पत्रावर थांबू नकोस, बालरोगतज्ज्ञांकडे जा. नसेल तर दुपारच्या झोपेपासून सुरुवात कर आणि ताई काय म्हणाल्या ते कळव. त्या तयार नसल्या तर मी स्वतः त्यांच्याशी बोलेन.

तुझ्या,
बालवाडीच्या बाई